नऊ वॉट

करीबाचं धरण तळाला गेलं
आणि किटवेत, आमच्या गल्लीत,
वीज यायला लागली दिवसाला तीन तास,
तीही रात्री दोननंतर.

मग सिल्वेस्टरने वही काढली.
तीस वर्षं तांब्याच्या खाणीत वायरमन,
जमिनीखाली हजार मीटरवर दिवे लावलेला माणूस
स्वतःच्या टेबलावरचं मेण नखाने खरवडत होता.

दोन रकाने: "लागतंच" आणि "नसलं तरी चालेल".
फ्रीझर, एकशे ऐंशी. त्यात माझे विकायचे मासे
आणि बर्फाच्या पिशव्या. लागतंच.
सासऱ्यांचा टीव्ही, साठ.
रविवारी फुटबॉल दाखवा, म्हणाले,
बाकीचे सहा दिवस मी आंधळा राहीन. लागतंच.
इस्त्री, बाराशे. माझ्याकडे न बघता काट मारली.
गीझर, तीन हजार. दोन काटा.
विजेच्या शेगडीचं तर नावच काढू नकोस.
म्हणून कोळशाची म्बाउला अंगणात राहिली
आणि धूर माझ्या केसांत.

या वहीत माझं काय आहे? मी विचारलं.
फ्रीझर, तो म्हणाला.
ते माशांचं आहे.
त्याने पेन्सिल कानामागे खोचली,
बराच वेळ काढली नाही.
मग लिहिलं: पंखा, पंचावन्न, हिच्या उशाशी.

पॅनेल आठ, पत्र्यावर, उत्तरेला तोंड करून.
आमच्याकडे सूर्य उत्तरेच्या अंगाने चालतो.
मागच्या गल्लीतल्या पाद्रीबाबांनी
युरोपातलं पुस्तक वाचून दक्षिणेला लावलीत,
त्यांच्याकडे अजून प्रार्थना मेणबत्तीवर.
दुपारी तीनला आंब्याची फांदी एका पॅनेलवर येते
आणि सगळी ओळच मंदावते,
घरात एकाचा चेहरा पडला की होतं तसं.
फांदी तोडायला सासरे नाही म्हणाले.

बॅटरी खाटेखाली नको, चुलीजवळ नको, उन्हात तर नकोच.
शेवटी बैठकीत, लग्नाच्या फोटोखाली,
चार बोल्ट मारून बसवली.
निम्मी निवृत्तीची रक्कम आणि माझ्या दोन भिश्या
भिंतीला टांगलेल्या.
आलेला माणूस आधी तिच्याकडे बघतो, मग फोटोकडे.

पहिल्या रात्री वीज गेली ते आम्हाला कळलंच नाही.
बाहेर एवढं शांत का? सासरे म्हणाले.
मी दार उघडलं.
काळ्या गल्लीत आमचं एकच घर,
बोळक्या तोंडात सोन्याचा दात.

मी पडदा ओढला, त्यावर चादर टाकली.
बरं केलंस, चोर येतात, सिल्वेस्टर म्हणाला.
खोटं नव्हतं ते.
पण मी चोरांसाठी ओढला नव्हता.

तिसऱ्या दिवशी बाना म्पुंडु, जुळ्यांची आई,
बर्फ न्यायला आली.
पैसे मोजता मोजता म्हणाली,
चादर चांगली आहे गं तुमची. जाड आहे.
एवढंच.
सुटे घेतले आणि गेली.

त्या रात्री वही मी उघडली.
बाहेरचा दिवा, कुंपणाच्या भिंतीवर, नऊ.
कुठल्या रकान्यात ते सुचेना,
मधल्या रेघेवरच लिहिलं.

सकाळी बॅटरी एकोणीस टक्क्यांवर.
विसाच्या खाली जाऊ द्यायची नाही, हा घरचा नियम.
सिल्वेस्टर कॅल्क्युलेटर घेऊन बसला:
नऊ वॉट, दहा तास, नव्वद. एवढ्याने काय होतंय?
मग खाल्ली कुणी?
सासरे टीव्हीकडे बघेनात.
पंख्याचं मी काही बोलले नाही.

तो भिंतीपाशी गेला, दिव्याची वायर तपासायला.
खाली जुळ्यांनी कोळशाने गणितं मांडलेली,
भागाकाराची, त्यातलं एक चुकलेलं.
त्याने बुटाने ते पुसलं,
उकिडवा बसला,
आणि पायरी पायरीने पुन्हा सोडवलं.

तोवर ऊन आंब्यावरून पत्र्यावर उतरलं.
आतून सासरे ओरडले: वीस!